अब्बांच्या कवटीचे हाड परत बसवायचे का? साठी-सत्तरीच्या रुग्णांच्या घरच्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

डोक्याचे मोठे ऑपरेशन होऊन घरी आलेले बुजुर्ग वसई, नालासोपारा, विरारच्या मोहल्ल्यांत आता नवीन राहिलेले नाहीत. कोणी हायवेवर मोटारसायकलवरून पडले, कोणी बाथरूममध्ये घसरले, कोणाला अचानक लकवा मारला. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण डोक्याच्या एका बाजूला हाड नाही, तिथे नुसती कातडी आहे आणि ती आत दबलेली दिसते. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले असते, "तीन महिन्यांनी हाड बसवण्यासाठी या."

तीन महिने होतात आणि घरात दोन तट पडतात. मोठा मुलगा म्हणतो, "या वयात पुन्हा भूल द्यायची? आहे ते ठीक आहे." धाकटी मुलगी म्हणते, "असे उघडे डोके घेऊन अब्बा किती दिवस राहणार?" शेजारपाजारचे सल्ले वेगळेच. अशा वेळी निर्णय भीतीने होऊ नये आणि घाईनेही होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख. आम्ही शाळेत शिकवणारी माणसे, त्यामुळे विषय सोपा करून सांगणे एवढेच आमचे काम. तुमच्या रुग्णाचा शेवटचा सल्ला त्याचे स्कॅन पाहणाऱ्या न्यूरोसर्जनचाच.

हाड काढतातच कशाला?

कवटी म्हणजे बंद पेटी. हाताला मार लागला तर हात सुजतो, कारण सुजेला पसरायला जागा असते. मेंदू सुजला तर त्याला जागाच नसते. आतला दाब वाढतो, रक्त पोहोचेनासे होते आणि मेंदूचा मुळाचा भाग, जो श्वास चालवतो, तोच दाबला जातो. औषधांनी दाब उतरला नाही तर सर्जन कवटीचा हाताच्या पंजाएवढा तुकडा काढून ठेवतात. पेटीचे झाकण उघडले की सुजेला वाट मिळते. हे पहिले ऑपरेशन. पुढे सूज उतरल्यावर ती जागा पुन्हा बंद करायची, हे दुसरे ऑपरेशन. डॉक्टर त्याला क्रेनिओप्लास्टी म्हणतात. आपण सरळ "हाड बसवणे" म्हणू.

इथे एक फरक लक्षात घ्या. म्हाताऱ्या माणसांमध्ये हळूहळू साचलेले जुने रक्त काढण्यासाठी बहुतेक वेळा कवटीला एक-दोन लहान भोके पाडतात. त्यासाठी हाड बसवायचे दुसरे ऑपरेशन सहसा लागत नाही. "डोक्याचे ऑपरेशन" हा एकच शब्द दोन्हींना वापरला जातो आणि शेजारच्या चाचांचा अनुभव आपल्या अब्बांना लावला जातो. आधी विचारा, ऑपरेशन कोणते झाले?

वय वाढले की काय बदलते?

वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात. म्हणून तरुण माणूस ज्या धक्क्याने फक्त डोके चोळत उठतो, त्याच धक्क्याने सत्तरीच्या माणसाची शीर फाटू शकते. त्यात हृदयासाठी किंवा लकव्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर रक्त लवकर थांबत नाही. दुसरी बाजू अशी की आत मोकळी जागा जास्त असल्याने सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पडल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला झोक, सारखी झोप. घरचे म्हणतात "वय झाले." प्रत्यक्षात आत रक्त साचत असते.

शिवाय शुगर, बीपी, कमजोर किडनी हे सोबती आलेलेच असतात. जखम भरायला वेळ लागतो, अंथरुणात पडून छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात. त्यामुळे तरुणाचा निकाल आणि बुजुर्गाचा निकाल एका तागडीत मोजता येत नाही. २०१८ मध्ये पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये चार वर्षांच्या एका मुलीच्या कवटीचा मोठा भाग थ्रीडी तंत्राने तयार करून बसवल्याची बातमी गाजली होती. बातमी खरी आणि आनंदाची. पण लहान मुलीची भरून येण्याची ताकद आणि पंचाहत्तरीच्या दादीची ताकद सारखी नसते. अशा बातम्या पाहून आशा जरूर ठेवावी, हिशोब मात्र आपल्या रुग्णाचाच मांडावा.

पहिल्या ऑपरेशनचा खरा हिशोब

हाड बसवल्यावर किती सुधारणा होईल, हे मोठ्या प्रमाणावर आधीच ठरलेले असते. म्हणजे पहिल्या आजारात मेंदूचे किती नुकसान झाले, त्यावर. म्हणून पहिल्या ऑपरेशनचे आकडे आधी पाहू.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद होऊन अर्धा मेंदू सुजतो, अशा लकव्यात हाड काढण्याचा फायदा साठीच्या आतल्या रुग्णांत आधीच दिसला होता. साठीपुढच्यांचे काय, हे पाहण्यासाठी जर्मनीत डेस्टिनी-२ नावाचा अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६१ वर्षे आणि त्यापुढचे ११२ रुग्ण होते. फक्त औषधे दिलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के दगावले, ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के. म्हणजे जीव वाचण्याची शक्यता खूप वाढली. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग फार कमी लोक सांगतात. वाचलेल्यांपैकी एकही जण पूर्वीसारखा आपली सगळी कामे स्वतः करण्याइतका बरा झाला नाही. बहुतेकांना चालायला, आंघोळीला, कपडे बदलायला दुसऱ्याचा हात लागत होता.

अपघाताच्या माराबद्दल रेस्क्यू-आयसीपी नावाचा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात ४०८ रुग्ण होते, वय १० ते ६५. सहा महिन्यांनी मृत्यूचे प्रमाण औषधाच्या गटात ४८.९ टक्के, ऑपरेशनच्या गटात २६.९ टक्के. इथेही वाचलेल्यांत काही जण चांगले झाले, काही जण कायम दुसऱ्यावर अवलंबून राहिले. डोळे उघडे पण ओळख काही नाही, अशा अवस्थेत राहिलेले ऑपरेशनच्या गटात ८.५ टक्के होते, दुसऱ्या गटात २.१ टक्के.

हे आकडे आम्ही घाबरवायला देत नाही. मुद्दा असा की "वाचला" आणि "बरा झाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयसीयूबाहेर उभे असताना डॉक्टरांना दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत.

अजून एक अभ्यास उपयोगी आहे. पडल्यावर लगेच साचलेल्या रक्तासाठी ऑपरेशन करताना हाड तिथल्या तिथे परत ठेवावे की बाहेर ठेवावे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात वर्षानंतरची अवस्था दोन्ही गटांत जवळपास सारखी निघाली. हाड बाहेर ठेवलेल्यांत जखमेच्या तक्रारी १२.२ टक्के, परत बसवलेल्यांत ३.९ टक्के. उलट हाड परत ठेवलेल्या गटात दोन आठवड्यांच्या आत पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण जास्त होते, १४.६ टक्के विरुद्ध ६.९ टक्के. मेंदू फुगलेला नसेल तर हाड पहिल्याच वेळी परत ठेवता येते आणि दुसरे ऑपरेशन टळते. हा निर्णय सर्जन टेबलावर मेंदू पाहूनच घेतात, पण घरच्यांना त्यामागचे कारण माहीत असलेले बरे.

काढलेले हाड जाते कुठे?

हा प्रश्न घराघरात विचारला जातो. दोन पद्धती आहेत. एक, हाड निर्जंतुक करून उणे ८० अंशांच्या आसपास डीप फ्रीझरमध्ये ठेवणे. दुसरी, रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवणे. फ्रीझरची सोय सगळीकडे नसल्याने आपल्या देशात पोटाची पद्धत भरपूर चालते. पोटावर कडक फुगवटा हाताला लागला तर ती गाठ नव्हे, ते अब्बांचेच हाड असते. डिस्चार्ज कार्डवर हाड कुठे ठेवले आहे ते लिहून घ्या. हॉस्पिटल बदलले तर हीच ओळ कामाला येते.

स्वतःचे हाड बसते चपखल आणि स्वस्त पडते. पण कधी त्याला जंतूसंसर्ग होतो, तर कधी बसवल्यावर ते हळूहळू झिजून विरघळते. विरघळण्याचा त्रास लहान मुलांत जास्त आढळतो. हाडाचे तुकडे झालेले असतील किंवा त्यात पू झाला असेल तर दुसरे साहित्य लागते. बोन सिमेंट हे दातांच्या कवळीसारख्या ॲक्रिलिकचेच भावंड, स्वस्त आणि जागेवर घडवता येणारे. टायटॅनियमची जाळी मजबूत आणि हलकी, ती असताना एमआरआयही सहसा करता येतो, फक्त तिथल्या माणसाला आधी सांगायचे. पीक नावाचे खास प्लास्टिक सीटी स्कॅनवरून मापाने बनवतात. त्याचा आकार सुंदर येतो, पण ते महाग असते. महाग म्हणजे म्हाताऱ्या माणसासाठी चांगलेच, असे समीकरण नाही. जखमेची कातडी कशी आहे, आधी पू झाला होता का, यावर निवड ठरते.

हाड बसवल्याने काय सुधारते?

पहिली गोष्ट संरक्षण. हाड नसलेल्या जागी साधा धक्काही थेट मेंदूला लागतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. झाकण नसले की बाहेरच्या हवेचा दाब कातडीवर येतो आणि मेंदू आत ढकलला जातो. काही रुग्णांना त्यामुळे डोकेदुखी, चक्कर, चिडचिड होते, बोलणे अडखळते, हातापायाची ताकद परत कमी होते. खास खूण म्हणजे बसले-उभे राहिले की त्रास वाढतो, आडवे झाले की कमी होतो. घरचे म्हणतात, "आधी बरे होत होते, आता मागे चालले." अशा रुग्णात हाड बसवल्यावर कधी कधी लक्षणीय फरक पडतो, बुजुर्गांतही. म्हणून ही लक्षणे दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

तिसरी गोष्ट माणसात परत येणे. डोक्यातल्या खळग्यामुळे कित्येक जण जुम्याला, लग्नाला जाणे सोडतात. नातवंडे घाबरतात. डोक्याचा आकार परत आला की माणूस पुन्हा दारात खुर्ची टाकून बसू लागतो. हा फायदा कोणत्या आकड्यात येत नाही, पण तो खरा आहे.

आणि जे होत नाही तेही ऐका. लकव्याने मेलेला मेंदूचा भाग हाड बसवल्याने जिवंत होत नाही. "हाड बसले की अब्बा चालतील" असे धरून गेलात तर निराशा पदरी येईल. चालणे फिजिओथेरपीने येते. हाड बसल्यावर ती अधिक बिनधास्त करता येते, एवढे नक्की.

धोके कोणते?

पहिल्या ऑपरेशनच्या मानाने हे सोपे दिसते, पण किरकोळ नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या अहवालांत लहान-मोठ्या गुंतागुंती साधारण १० ते ४० टक्के रुग्णांत नोंदल्या गेल्या आहेत. जखमेत पू होणे, हाडाखाली रक्त साचणे, फिट येणे, डोक्यात पाणी साचून शंटची नळी टाकावी लागणे, बसवलेले हाड परत काढावे लागणे, हे त्यातले मुख्य.

मग वय हाच अडथळा का? नुसते वय नाही. नियंत्रणात शुगर असलेला, घरात हिंडणारा, जेवणारा पंचाहत्तरीचा माणूस हा अंथरुणाला खिळलेल्या, पाठीला जखमा असलेल्या साठीच्या माणसापेक्षा ऑपरेशनला जास्त योग्य असू शकतो. जन्मतारखेपेक्षा आजची तब्येत पाहायची. काही रुग्णांत, जे कोणाला ओळखत नाहीत आणि ज्यांची छाती सारखी भरते, त्यांच्यात ऑपरेशन न करता फक्त जपणे हाही योग्य निर्णय असतो. त्यात कोणा मुलाने स्वतःला गुन्हेगार समजायचे कारण नाही.

कधी करायचे?

पूर्वी तीन ते सहा महिने थांबत. आता सूज उतरली असेल, जखम कोरडी असेल आणि कुठे पू नसेल तर त्याआधीही करतात. पहिल्या तीन महिन्यांत केल्यास काही रुग्णांची सुधारणा जास्त होते, असे काही अभ्यास सांगतात. जंतूसंसर्ग झालेला असेल तर मात्र पुष्कळ महिने थांबावे लागते. ऑपरेशनपूर्वी रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची आणि कधी सुरू, हे न्यूरोसर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. घरच्या घरी बंद करू नका.

वजू, नमाज, रोजा

हे प्रश्न बुजुर्ग डॉक्टरांना विचारायला संकोचतात आणि इमाम साहेबांना वैद्यकीय माहिती नसते. मग मधल्या मधे त्रास होतो. ओल्या जखमेवर पाणी नको, हे डॉक्टर सांगतीलच. पट्टीवरून मसह करण्याची सवलत आपल्या फिकहमध्ये आहे. वाकून सज्दा केल्याने डोक्यात ठणका लागत असेल, तोल जात असेल तर खुर्चीवर इशाऱ्याने नमाज आहे. फिटची गोळी दिवसातून दोन-तीन वेळा असेल तर रोजासाठी ती स्वतःच्या मनाने पुढे-मागे करू नका. एक डोस चुकला तरी फिट येऊ शकते. आजाऱ्याला दीनने सूट दिलेली आहे. रमजानच्या आधी महिनाभर डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून घ्या. टोपी, स्कार्फ सैल असू द्या, टाक्यांवर घासणारी नको.

खर्च आणि कागदपत्रे

हाड बसवणे हे ठरवून करायचे ऑपरेशन आहे, त्यामुळे कागद जमवायला वेळ मिळतो. तो वाया घालवू नका.

सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण त्यात आहे. वय आधार कार्डावरून धरतात, म्हणून आधारवरची जन्मतारीख आधी तपासा. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचे संरक्षणही आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि पांढरे रेशन कार्डवालेही त्यात येतात. हेल्पलाइन १५५३८८. दोन्हींत रुग्णालय योजनेत असावे लागते आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. तिथल्या आरोग्यमित्राला नेमके विचारा, "हे ऑपरेशन इथे योजनेत होते का, आणि इम्प्लांट त्यातच धरले आहे का?"

ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. रस्ता अपघात असेल तर मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत.

आपल्याकडून पुष्कळ कुटुंबे केईएम, नायर, सायन, कूपर, जेजेची वाट धरतात. हाड नसलेल्या रुग्णाला सकाळच्या विरार लोकलच्या गर्दीत नेऊ नका. ओपीडीची वेळ सकाळचीच असेल तर दिव्यांगांच्या डब्यातून, सोबत दोन माणसे आणि डोक्याला डॉक्टरांनी सांगितलेली संरक्षक टोपी घालून न्या. घोडबंदरच्या बाजूला हायवे कधी अडकेल सांगता येत नाही, म्हणून गाडीने जायचे तर वेळ हातात ठेवून निघा.

डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न

१. अब्बांच्या बाबतीत हाड बसवण्याचा मुख्य फायदा कोणता, संरक्षण की लक्षणांत सुधारणा?
२. नाही बसवले तर काय होईल?
३. त्यांच्या शुगर, हृदय, किडनीमुळे धोका किती वाढतो?
४. स्वतःचे हाड वापरता येईल का? नाही, तर का नाही?
५. डोक्यात पाणी साचले आहे का, शंट लागेल का?
६. घरी गेल्यावर कोणते लक्षण दिसताच परत यायचे?

शेवटच्या प्रश्नाचे साधारण उत्तर पाठ करून ठेवा. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढती डोकेदुखी, उलट्या, झोपेतून न उठणे, फिट, नव्याने आलेली कमजोरी. यातले एकही दिसले तर रात्र काढू नका, १०८ ला फोन करा.

आणि पडूच नये म्हणून

बाथरूममध्ये रबरी चटई आणि भिंतीला धरायला दांडा. रात्री फजरला उठणाऱ्यांसाठी पॅसेजमध्ये छोटा दिवा. वजूच्या जागेवर शेवाळ नको. ही दुरुस्ती मस्जिद कमिट्यांनीही मनावर घ्यावी, बसून वजू करायची सोय आणि कोरडी लादी. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे, अम्मी मागे बसल्या तरी. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा माणूस डोक्यावर पडला तर "काही दुखत नाही" म्हणाला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

निर्णय घेताना एक गोष्ट मात्र विसरू नका. अब्बा बोलू शकत असतील, समजू शकत असतील, तर सगळ्यात आधी त्यांना विचारा. डोके त्यांचे आहे. घरातल्या मशवऱ्यात त्यांची खुर्ची मधोमध असली पाहिजे.